पाण्याबाहेरचे काम

सरोवर बिघडले की सरकार आधी पाण्यात उतरते. यंत्रे येतात, जलपर्णी निघते, गाळाचे ढीग काठावर पडतात, कारंजी उडू लागतात, काठाने फरसबंदी होते आणि कोनशिला बसते. दोन पावसाळे जातात, जलपर्णी परत येते, नवी निविदा निघते. हा क्रम आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की सरोवर वाचवणे म्हणजे सरोवर साफ करणे, असाच समज झाला आहे. या संग्रहातल्या लेखांना तो समज मोडायचा आहे. जगात जिथे एखादे मोठे सरोवर खरोखर सुधारले, तिथे सरकारने निर्णायक काम बहुतेक वेळा पाण्याबाहेर केलेले दिसते: गटारांत, शेतांत, कारखान्यांच्या दारात आणि एका ठिकाणी तर थेट लोकांच्या मोरीत, कपडे धुण्याच्या भुकटीपर्यंत जाऊन. ते काम अवघड असते, कारण तिथे मतदार राहतात. पाण्यातल्या जलपर्णीला मत नसते.

नवख्या वाचकासाठी थोडे मुळापासून सांगायला हवे. पृथ्वीच्या पाठीवरचे द्रवरूप गोडे पाणी बहुतांशी सरोवरांत आहे. नद्यांत वाहते ते त्या मानाने फारच थोडे. त्यातही वाटणी विषम. सैबेरियातल्या एकट्या बैकालमध्ये सुमारे पाचवा हिस्सा, आणि उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत मिळून जवळपास तेवढाच. नदीत सोडलेली घाण खालच्या गावाच्या गळ्यात पडते, सरोवरात आलेली मात्र तिथेच मुक्काम करते. सुपिरियर सरोवरातले पाणी पुरते बदलायला सुमारे १९१ वर्षे लागतात, उथळ इरीला तीनहून थोडी कमी. शिवाय तळातला गाळ वर्षानुवर्षे फॉस्फरस साठवतो आणि बाहेरून येणारा पुरवठा थांबला तरी तो हळूहळू वर सोडत राहतो. म्हणजे एखाद्या सरकारने आज सगळी गटारे वळवली, तरी त्याचे श्रेय घ्यायला भलतेच सरकार सत्तेवर असण्याची शक्यता मोठी. निवडणुकीच्या हिशोबात हे काम बसतच नाही. म्हणून या विषयाचा इतिहास पाहिला तर योजनांपेक्षा संस्थांकडे लक्ष द्यावे लागते: कोणती संस्था किती टिकली, तिच्याकडे मोजमापाची शिस्त होती का, आणि तिचे ऐकणे कुणाला भाग होते.

सरोवर ही स्वतंत्रपणे अभ्यासायची गोष्ट आहे, हे स्वित्झर्लंडच्या फ्रान्स्वा-अल्फोन्स फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरावर १८९२ ते १९०४ या काळात तीन खंड लिहून दाखवले. पण शासनाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न नंतर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतली सरोवरे झपाट्याने हिरवी पडू लागली. शेवाळ माजायचे, ते मेल्यावर कुजायचे, तळाचा प्राणवायू संपायचा आणि मासे मरायचे. या माजाला खतपाणी कोण घालते? फॉस्फरस, असे अनेक शास्त्रज्ञ म्हणत होते. डिटर्जंट उद्योगाला मात्र कार्बनचा सिद्धांत सोयीचा होता, कारण त्यांच्या भुकटीत फॉस्फेट होते. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या लहान सरोवरांच्या समूहात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हा वाद निकाली काढला. २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या अरुंद कमरेत त्यांनी प्लास्टिकचा पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला तसाच राहिला. त्या तळ्याच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्राने जे केले ते कित्येक अहवालांना जमले नसते. धोरणकर्त्यांना तक्ते वाचायला वेळ नसतो, पण चित्र सगळ्यांना दिसते.

महासरोवरांची कथा या संग्रहात सर्वांत जास्त जागा घेते, आणि ते योग्यच आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात सीमेवरच्या पाण्यासाठी १९०९ मध्ये करार झाला. त्यातून जन्मलेला संयुक्त आयोग आजही काम करतो. दोन महायुद्धे, मंदी आणि कितीतरी सत्तांतरे त्याने पाहिली. तो आदेश फारसे देत नाही, चौकशी करतो आणि जाहीर अहवाल देतो. ही साधी वाटणारी ताकद पुढे फार उपयोगी पडली. १९६० च्या दशकात इरी सरोवर ‘मेले’ अशी बातमी वर्तमानपत्रांत नित्याची झाली होती. जून १९६९ मध्ये इरीला मिळणाऱ्या कायाहोगा नदीच्या पृष्ठावरच्या तेलकट कचऱ्याने क्लीव्हलंडमध्ये पेट घेतला. ही आग अर्ध्या तासात विझली होती, आणि एका मोठ्या साप्ताहिकाने छापलेले गाजलेले छायाचित्र त्या आगीचे नव्हतेच, ते १९५२ च्या आगीचे होते. नदी तोवर अनेकदा पेटून झाली होती. लाज मात्र १९६९ मध्ये वाटली.

१५ एप्रिल १९७२ रोजी निक्सन आणि पिएर त्रुदो यांनी ओटावात पाण्याच्या गुणवत्तेचा करार केला. १९७८ मध्ये तो सुधारताना इरीसाठी वर्षाला ११,००० टन फॉस्फरस ही मर्यादा ठरली आणि विषारी, दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या रसायनांचा प्रश्न पुढे आला. १९८७ मध्ये सर्वाधिक बिघडलेली बंदरे आणि नदीमुखे निवडून प्रत्येकासाठी सुधारणेचा आराखडा करायचे ठरले. पुढे अशी ४३ ठिकाणे यादीत आली. शहरांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर अफाट पैसा ओतला, भुकटीतले फॉस्फेट घटले, आणि इरी एका दशकात सावरू लागले. विसाव्या शतकातल्या पर्यावरण धोरणाचे हे ठळक यश.

आणि मग ते परत बिघडले. २ ऑगस्ट २०१४ रोजी इरीच्या काठावरच्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगण्यात आले. उकळूनही पिऊ नका, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष उकळल्याने नाहीसे होत नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. या वेळी दोष नळकांड्याच्या तोंडावर बोट ठेवून दाखवता येत नव्हता. मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या मका-सोयाबीनच्या शेतांतून, जमिनीखालच्या निचरा नळ्यांमधून विरघळलेला फॉस्फरस येत होता. १९७२ च्या अमेरिकी स्वच्छ पाणी कायद्याने कारखान्याला आणि पालिकेला परवान्याच्या चौकटीत आणले, शेतातून वाहून येणारे पाणी मात्र जवळपास मोकळे सोडले. पुढे ४० टक्के कपातीचे उद्दिष्ट जाहीर झाले, पण त्यासाठी शेतकऱ्यांना बहुतांशी अनुदान देऊन राजी करण्याचाच मार्ग धरला गेला. माझ्या मते इरीचा हा दुसरा अंक पहिल्यापेक्षा जास्त शिकवणारा आहे, आणि ज्या देशात खतावरचे अनुदान हा राजकारणाचा नाजूक विषय आहे, तिथल्या वाचकाला तो अधिक ओळखीचा वाटेल.

जपानच्या बिवा सरोवराचे वळण वेगळे. क्योतो, ओसाका, कोबे या पट्ट्यातल्या सुमारे दीड कोटी लोकांचे पाणी तिथून येते. १९७७ च्या मे महिन्यात पाण्यावर लालसर तवंग आला आणि मासळीसारखा वास सुटला. गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्मजीवाचा हा उद्रेक होता. काठावरच्या शिगा प्रांतातल्या गृहिणींच्या मंडळांनी त्याआधीपासूनच कृत्रिम डिटर्जंट सोडून साबणाची भुकटी वापरण्याची मोहीम चालवली होती. तळणीचे उरलेले तेल गोळा करून त्याचा साबण करायचे प्रयोगही झाले. गव्हर्नर मासायोशी ताकेमुरा यांनी ही चळवळ उचलली. १९७९ मध्ये प्रांताने नियम केला आणि जुलै १९८० पासून फॉस्फरसयुक्त डिटर्जंट विकणे, वापरणे आणि भेट देणे यांवर बंदी आली. त्यातला भेटीचा उल्लेख गमतीचा वाटेल, पण जपानमध्ये हंगामी भेट म्हणून अशा भुकटीचे खोके देण्याची रीत होती. कायदा करणाऱ्यांना घरातले व्यवहार ठाऊक होते, हे त्या एका कलमातून दिसते.

उद्योगांनी विरोध केला आणि नंतर फॉस्फरसविरहित भुकटी बाजारात आणली. बऱ्याच घरांनी साबण सोडून तीच घेतली. चळवळ्यांना हा पराभव वाटला. सरोवराला फॉस्फरस कमी मिळाला एवढे खरे. पण याच काळात, १९७२ ते १९९७, राष्ट्रीय पातळीवरचा प्रचंड विकास प्रकल्प बिवाच्या काठावर बांध आणि रस्ते घालत होता आणि बोरूची बने गिळत होता. प्रांताने १९९२ मध्ये बोरू जपण्याचा वेगळा नियम केला. एकाच सरोवरावर सरकारचे दोन हात उलट दिशांनी ओढत असल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. तरीही बिवाने जगाला दोन गोष्टी दिल्या. १९८४ ची पहिली जागतिक सरोवर परिषद तिथल्या ओत्सू शहरात भरली आणि त्यातून आंतरराष्ट्रीय सरोवर समिती उभी राहिली. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: १९८३ पासून प्रांतातली पाचवीची मुले एका शाळा-जहाजावर मुक्कामाला जातात आणि सरोवराचे पाणी स्वतः तपासतात. त्या पहिल्या तुकड्यांतली मुले आज पन्नाशीत आली आहेत, मतदार आणि अधिकारी झाली आहेत.

युरोपातले कॉन्स्टन्स सरोवर थोडक्यात आटोपता येईल, पण वगळता येणार नाही. त्याच्या मुख्य भागात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांची सीमारेषा आजही एकमताने आखलेली नाही. तरी काठच्या राज्यांचा संयुक्त आयोग १९५९ पासून चालू आहे. १९८० च्या सुमारास लिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेलेला फॉस्फरस आज दहाच्या खाली आहे. आता तिथले मच्छीमार म्हणतात, पाणी इतके स्वच्छ झाले की माशांना खायला काही उरले नाही. थोडा फॉस्फरस येऊ द्या, ही त्यांची मागणी सरकारांनी मान्य केली नाही. सरोवर कोणत्या अवस्थेला परत न्यायचे, हा प्रश्न विज्ञान सोडवून देत नाही, असे ही तक्रार वाचताना जाणवते.

चीनमध्ये २००७ साली ताइहू सरोवर शेवाळाने भरले आणि वूशी शहरातल्या सुमारे वीस लाख लोकांचा नळ निरुपयोगी झाला. त्यानंतर तिथे प्रत्येक नदी-नाल्याच्या तुकड्याला एकेक अधिकारी नेमून त्याच्या बढतीशी पाण्याची गुणवत्ता जोडण्याची पद्धत निघाली, आणि दहाएक वर्षांत ती देशभर गेली. जबाबदारी कुणाची हे पाटीवर नावानिशी लिहिलेले असते. ताइहूवर उन्हाळ्यात शेवाळ आजही येते, म्हणून या पद्धतीचे कौतुक बेताने करावे. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरियाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे: बाहेरून सोडलेला नाइल पर्च मासा, त्याने फस्त केलेल्या स्थानिक जाती, त्याच्यावरच उभी राहिलेली निर्यात, जलपर्णी, आणि तीन देशांची सरकारे. संग्रहातला तो लेख सावकाश वाचावा.

या सगळ्या प्रयत्नांमागे विचारांची काही घराणी दिसतात. अभियंत्यांचे घराणे नळावर विश्वास ठेवते: सांडपाणी अडवा, वळवा, शुद्ध करा. सिअ‍ॅटलच्या नागरिकांनी १९५८ मध्ये मतदानाने स्वतःवर खर्च ओढवून घेतला आणि वॉशिंग्टन सरोवरात जाणारे सांडपाणी वळवले; सरोवर काही वर्षांत नितळ झाले. या घराण्याचे ते मानाचे पान. दुसरे घराणे जीवशास्त्रज्ञांचे: लॅम्प्रे माशासारखा घुसखोर आवरा, जलपर्णीवर भुंगेरे सोडा, अन्नसाखळी सांधा. तिसरे पाणलोटाचे. त्याच्या मते सरोवर, त्याला मिळणाऱ्या नद्या, शेते आणि गावे हे एकाच प्रशासनाचे घटक असले पाहिजेत. चौथे घराणे काठावरच्या माणसांच्या हक्कांपासून सुरुवात करते. त्याचीच एक फांदी सरोवरालाच हक्क द्यायला निघाली. टोलेडोच्या मतदारांनी २०१९ मध्ये इरीसाठी तसा ठराव केला आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो रद्द केला. ही घराणी आपापसांत भांडतात, तरी प्रत्यक्षात यशस्वी झालेल्या जवळपास प्रत्येक प्रयत्नात त्यांची भेसळ आहे.

भारतात पाणथळ जागांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या मध्यात आला, सरोवरांचा २००१ मध्ये, आणि २०१३ मध्ये दोन्ही एकत्र झाले. कागद पुष्कळ आहेत. त्यांच्या पलीकडे काय घडते ते मणिपूरच्या लोकटाककडे पाहून कळते. या सरोवरावर फुमदी तरंगतात. वनस्पती, मुळे आणि माती यांचे हे जाड थर. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरले की त्या तळाला टेकायच्या, मुळांना पोषण मिळायचे, आणि पावसात पुन्हा वर येऊन त्यातल्या काही पाण्याबरोबर वाहून जायच्या. १९८३ मध्ये जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई बंधारा झाला आणि पातळी वर्षभर चढी राहू लागली. फुमदी टेकेनाशा झाल्या, म्हणून केइबुल लामजाओ उद्यानात त्या पातळ पडल्या, आणि त्यांच्यावर वावरणाऱ्या सांगाई हरणाच्या खुरांखालचा आधार गेला. वाहूनही जाईनाशा झाल्या, म्हणून बाकी सरोवर त्यांनी कोंडले. काठची शेते बुडाली ती वेगळीच. १९८६ मध्ये प्राधिकरण स्थापन झाले, १९९३ मध्ये सरोवर रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेले, २००६ मध्ये खास कायदा झाला. त्या कायद्याच्या बळावर २०११ मध्ये काय केले गेले? फुमदींवर राहणाऱ्या मच्छीमारांच्या शेकडो झोपड्या जाळण्यात आल्या. बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडायचे, या प्रश्नाला हात घालणे त्याहून पुष्कळ अवघड होते.

असे नमुने आणखी आहेत. काश्मीरच्या वुलरमध्ये एका काळी सरकारी खात्यांनीच विलोची लागवड केली. ती झाडे गाळ धरून सरोवर भरू लागली, तेव्हा दुसऱ्या सरकारी संस्थेने ती लाखांनी तोडली. आंध्रच्या कोल्लेरूत मत्स्यशेतीचे बांध २००६ मध्ये स्फोटांनी उडवले गेले, आणि काही वर्षांत बरेच बांध पुन्हा उभे राहिले. बांध घालणारे कोण, त्यांना कर्ज कुणी दिले, मूळच्या कोळ्यांच्या हाती काय उरले, हे स्फोटाने सुटत नाही.

महाराष्ट्रात नैसर्गिक मोठी गोडी सरोवरे जवळजवळ नाहीत. आपली सरोवरे म्हणजे धरणांचे जलाशय. आणि इथे कायद्यातली एक फट आहे, जिची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय धरलेलेच नाहीत. म्हणजे उजनी त्या संरक्षणाच्या बाहेर. नांदूर मधमेश्वरही बंधाऱ्यामुळेच तयार झालेले. ते पक्ष्यांमुळे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये राज्याचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. उजनीतही रोहित उतरतात, पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून तिथेच येते, आणि सोलापूर शहर तेच पाणी पिते. उजनीचा कारभार पाटबंधारे खाते पाहते, मासेमारी दुसरे खाते, प्रदूषण तिसरे, आणि सांडपाणी सोडणाऱ्या महापालिका शंभर किलोमीटर वर आहेत. एवढ्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारी कायमची संस्था नाही. उजनीवरचा लेख या संग्रहासाठी मुद्दाम लिहून घेतला, आणि परदेशातले लेख निवडताना तोच डोळ्यांसमोर होता.

हे आत्ता का, असे कुणी विचारील. जगातल्या २३५ सरोवरांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात १९८५ ते २००९ या काळात उन्हाळ्यातले पृष्ठजल दर दशकाला सरासरी ०.३४ अंशांनी तापल्याचे दिसले. उपग्रहांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या अभ्यासात १९९२ ते २०२० दरम्यान निम्म्याहून अधिक मोठ्या सरोवरांतला साठा घटलेला आढळला. तापलेल्या पाण्यात निळे-हिरवे शेवाळ जोमाने वाढते, म्हणजे १९७० च्या दशकात पुरेशी ठरलेली फॉस्फरसची मर्यादा आता पुरेल याची खात्री नाही. संयुक्त राष्ट्रांनी २७ ऑगस्ट हा सरोवर दिन ठरवला. ओत्सूच्या त्या पहिल्या परिषदेची ती तारीख. दिन साजरे करण्यात आपण मागे नसतो, तेव्हा त्या दिवशी कारंज्यांचे उद्घाटन होईल अशी धास्ती वाटते.

संग्रह कुणासाठी, तर महापालिकेतल्या अभियंत्यासाठी, भूगोल आणि पर्यावरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, आणि आपल्या गावच्या तलावासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणाऱ्या नागरिकासाठी. लेखकांना एकच विनंती केली होती: प्रत्येक ठिकाणी पैसा कुठून आला, निर्णय कुणी घेतला आणि मोजमाप कोण ठेवत होते, हे सांगा. त्यामुळे काही लेख रुक्ष झाले आहेत; ते तसेच ठेवले. काही गोष्टी बाहेर राहिल्या. लोणार अल्कधर्मी पाण्याचे, म्हणून नाही. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांना वेगळे पुस्तकच हवे; मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि त्यांची देखभाल गावाच्या हातून सुटली, हा विषय पानभरात उरकण्याजोगा नाही. ओडिशाचे चिलिका निमखारे, तरी परिशिष्टात घेतले आहे, कारण ते आमच्या सूत्राला छेद देते. तिथे २००० साली समुद्राकडे नवे मुख खोदले, म्हणजे काम थेट पाण्यातच झाले, आणि मासळी परतली. दोन वर्षांत चिलिका धोक्याच्या यादीतून बाहेर आले. त्या लेखकाचे म्हणणे असे की पाणलोटातली कामे जोडीला नसती तर ते मुख टिकले नसते. संपादक मंडळात यावर एकमत झाले नाही.